लहान मुलांना शिकवायचंय? आधी हा हिशेब मांडा

कोरेगाव असो की विटा, चार वर्षांचं मूल सकाळी तीनपैकी एका ठिकाणी जातं. गावातली अंगणवाडी, गल्लीतल्या बाईंची बालवाडी, नाहीतर पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला ज्युनिअर केजी. तिन्ही ठिकाणी त्याच्याबरोबर असलेली बाई गाणी म्हणते, गोष्ट सांगते, नाक पुसते, भांडण सोडवते. काम जवळपास एकच, पण महिन्याची मिळकत तीन तऱ्हांची. हेच मूल दोन वर्षांनी जिल्हा परिषदेच्या पहिलीत गेलं, की तिथल्या कायम शिक्षिकेचा पगार अंगणवाडी सेविकेच्या मानधनाच्या तिपटीहून जास्त असतो.

हा फरक कौशल्याचा नाही. तुमची जागा कशावर उभी आहे, यावर तो ठरतो. शासनाच्या वेतनश्रेणीवर, योजनेच्या मानधनावर, संस्थेच्या मर्जीवर की स्वतःच्या खिशावर? सातारा-सांगलीतल्या ज्या मुली आणि सुना मला विचारतात, की लहान मुलांच्या शिक्षणात यायचं तर कुठून यावं, त्यांना मी पहिल्या महिन्याचा पगार शेवटी बघायला सांगतो. आधी बघायचं, की ही जागा पुढं कुठं नेते आणि तिथं पोचायला वयाची किती वर्षं हातात आहेत.

अंगणवाडी: मानधन, वाढ आणि वरची वाट

तारा मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बालवाडीत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच शाळा नेण्याची कल्पना तिथली. पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्रानं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. ती योजना म्हणून गेली, शाळा म्हणून नाही. पुढचं सगळं त्यातून येतं. सेविका कर्मचारी नाही, मानसेवी आहे. तिला पगार नाही, मानधन आहे.

ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात सेविकेचं मानधन 13,000 रुपये आणि मदतनिसाचं 7,500 रुपये झालं. कामगिरीवर मिळणारा प्रोत्साहन भत्ता वेगळा. त्याआधी 2023 मध्ये सेविकेचे 8,325 वरून 10,000 झाले होते. केंद्राचा आकडा मात्र ऑक्टोबर 2018 पासून 4,500 वरच आहे, आणि त्यातलाही 40 टक्के भार राज्यच उचलतं. म्हणजे तुमच्या मानधनाचा मोठा हिस्सा मुंबईतून ठरतो. 4 डिसेंबर 2023 ते 25 जानेवारी 2024 असा सलग संप राज्यातल्या अंगणवाड्यांनी केला. मागणी 26,000 ची होती. 3,000 ची वाढ मिळाली ती विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. महागाई वाढली म्हणून हे मानधन आपोआप वाढत नाही. आंदोलन झालं किंवा निवडणूक आली की वाढतं. पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधताना हे ध्यानात ठेवा, दरवर्षीची वाढ धरून चालू नका.

कोर्टानं काय दिलं, तेही माहीत असावं. अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी सेवेतलं पद नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात म्हटलं. त्यामुळं वेतनश्रेणी मागायची वाट अरुंद झाली. पण 25 एप्रिल 2022 ला गुजरातच्या प्रकरणात याच न्यायालयानं सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल दिला. आपल्या राज्यात निवृत्तीच्या वेळी सेविकेला एक लाख आणि मदतनिसाला 75,000 रुपये एकरकमी देण्याची सोय आहे. ग्रॅच्युइटीचा हक्क त्याहून वेगळा आहे, तो मागताना संघटनेला सोबत घ्या. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मान भारतचं संरक्षण सेविका-मदतनिसांना लागू झालं, त्याचं कार्ड काढून घ्यायचं राहू देऊ नका.

आता पात्रता. फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयानुसार सेविका आणि मदतनीस दोन्ही पदांना किमान बारावी लागते. वय 18 ते 35, विधवेला 40 पर्यंत. हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त नसावीत. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे स्थानिक रहिवासाची. मुलाखत नसते. बारावीचे टक्के, पदवी, डी.एड. किंवा बी.एड., एमएस-सीआयटी, अनुभव, विधवा किंवा अनाथ असणं, सामाजिक प्रवर्ग अशा गोष्टींना गुण असतात आणि गुणांची यादी लागते. त्यामुळं 'आपली ओळख आहे, इतके द्या' म्हणणारा कुणी भेटला, तर तो तुमच्या गुणांवरच तुमच्याकडून पैसे काढतोय, हे ओळखा.

रहिवासाच्या अटीत बहुतेक मुली अडकतात, म्हणून इथं जरा थांबतो. माहेर पाटण तालुक्यात, सासर वाळव्यात. माहेरच्या गावात जागा निघाली तर तुम्ही तिथल्या राहिलेल्या नाही, आणि सासरच्या गावात जागा निघाली तर कागद अजून माहेरचे. जाहिरात आल्यावर अर्जाला दिवस थोडे असतात. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच विवाह नोंदणीचा दाखला, रेशनकार्डावर नाव, आधारवरचा पत्ता, मतदार यादीत नाव ही चार कामं उरकून टाका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावानं असतात, त्यांची सांगड नव्या नावाशी विवाह नोंदणीचा दाखला घालून देतो. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या शहरात रहिवासाची हद्द कशी धरली आहे, ते जाहिरातीत बघा. जत तालुक्यातल्या पूर्वेकडच्या गावांत मुलं घरात कन्नड बोलतात. तिथं कन्नड येणारी बाई मुलांना पहिल्या दिवसापासून आपली वाटते, आणि मराठीबरोबर मुलांची भाषा येणं हे निवडीतही उपयोगी पडू शकतं.

कामाचं स्वरूप आधी नीट समजून घ्या. शाळा सकाळची आणि दुपारी मोकळं, असं बाहेरून वाटतं. आत पोषण ट्रॅकरवर रोजची हजेरी, वजन-उंची, घरपोच आहाराचं वाटप, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस आणि वरून कुणी पाठवलेला सर्वेक्षणाचा तक्ता असतो. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घेण्याचं कामही सेविकांकडंच आलं, अर्जामागं 50 रुपये ठरवून. यात मुलांना शिकवायला उरतो तो वेळ तुम्ही हट्टानं राखायचा. केंद्राचा 'आधारशिला' हा तीन ते सहा वयाचा अभ्यासक्रम आणि 'पोषण भी पढाई भी' हे प्रशिक्षण हातात आहे. ज्या बाईंनी ते मन लावून घेतलंय, त्यांच्या वर्गात शिरलं की लगेच कळतं.

अंगणवाडीची खरी किंमत तिच्या वरच्या वाटेत आहे. मुख्यसेविका, म्हणजे पर्यवेक्षिका, ही शासनाची नियमित वेतनश्रेणी असलेली जागा आहे. एस-13, मूळ वेतन 35,400 पासून 1,12,400 पर्यंत. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्याहून जास्त झाल्यापासून सुरुवातीलाच मूळ आणि भत्ता मिळून 53,000 च्या वर जातात, घरभाडं वेगळं. 13,000 वरून थेट इथं. केंद्राच्या 2022 च्या सक्षम अंगणवाडी मार्गदर्शक सूचना सांगतात, की पर्यवेक्षिकांची निम्मी पदं पाच वर्षं काम केलेल्या सेविकांतून भरावीत, आणि सेविकांची निम्मी पदं तशाच अनुभवी मदतनिसांतून. प्रत्यक्षात या जागा काही दरवर्षी निघत नाहीत, आणि निघतात तेव्हा पदवी विचारली जाते. माझा सल्ला इतकाच, की सेविका म्हणून रुजू झाल्याच्या वर्षीच मुक्त विद्यापीठात पदवीला नाव घाला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं दोन्ही जिल्ह्यांत आहेत, रविवारी वर्ग, वर्षाअखेर परीक्षा. पाच वर्षांचा अनुभव पुरा होईल तेव्हा पदवी हातात असली पाहिजे. पुष्कळ बाया अनुभव जमवतात आणि पदवीवाचून थांबतात. पदवी असेल तर सरळसेवेनं मुख्यसेविका होण्याचा दरवाजाही उघडा असतो. त्यावरचं पद बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचं, त्याची थेट भरती लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून होते.

पहिलीची शिक्षिका

नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत स्तर धरला आहे. म्हणजे पहिली-दुसरीची शिक्षिकाही आता याच क्षेत्रातली. पैशाच्या बाजूनं ही वाट सगळ्यांत भक्कम, आणि सगळ्यांत जास्त वाट बघायला लावणारी.

बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. (जुनं डी.एड.), मग टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता परीक्षा आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून 16,000 रुपये. हा आकडा 2023 पर्यंत 6,000 होता, हे सांगितलं तर आजच्या मुलींना खरं वाटत नाही. तीन वर्षांनी एस-10 श्रेणी, मूळ 29,200 ते 92,300. महागाई भत्त्यासह सुरुवातीलाच 44,000 च्या वर. शिवाय राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत शासनाचा वाटा.

पण तारखा बघा. टेट ही परीक्षा 2017 मध्ये झाली, त्यानंतर थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. आठ वर्षांत तीनदा. अर्जाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43. एक संधी हुकली तर पुढची कधी येईल, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून डी.एल.एड. करा, टीईटी करून ठेवा, पण तोवर घरात बसून राहू नका. त्या मधल्या वर्षांत अंगणवाडीत किंवा चांगल्या बालवाडीत काम करा.

दोन निकाल या वाटेवर ठळक पाटी लावून उभे आहेत. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बी.एड. पदवी प्राथमिकच्या शिक्षकपदाला चालणार नाही. म्हणजे 'बी.एड. केलं की कुठंही चालतं' हा आपल्याकडचा समज पहिली ते पाचवीपुरता मोडला आहे. लहान मुलांनाच शिकवायचं असेल तर बी.एड.वर दोन वर्षं आणि पैसे घालण्याआधी दहादा विचार करा. दुसरा निकाल 1 सप्टेंबर 2025 चा. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची झाली. नव्यानं येणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ इतकाच, की टीईटीला आता पळवाट नाही.

खासगी केजी: नेमणुकीचं पत्र हातात घ्या, मग बोला

तीन ते सहा वयाचे खासगी वर्ग हा आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी नियमांचा कोपरा. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. पूर्वप्राथमिकची सोय शासन 'करू शकतं' इतकंच त्यात आहे. त्यामुळं शासनमान्य अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला जशी ठरलेली श्रेणी मिळते, तशी खासगी केजीच्या मिसला मिळत नाही. 2025 मध्ये राज्यानं खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर माहिती नोंदवायला सांगितलं. मुलाखतीला जाताना शाळेनं ती नोंदणी केलीय का, हे विचारणं वाईट नाही. त्या प्रश्नानं चेहरे कसे होतात, त्यावरूनही बरंच कळतं.

पगाराचा आकडा तालुक्यागणिक आणि शाळेगणिक बदलतो, म्हणून इथं सरासरी देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी आकड्याच्या मागं काय आहे ते विचारा. पगार बारा महिन्यांचा की दहा? मे महिन्याचा मिळतो का? बँकेत येतो की पाकिटात? स्वतःच्या मुलाच्या फीमध्ये सवलत आहे का? ही सवलत किरकोळ समजू नका, वर्षाला 20,000 फी माफ होत असेल तर ती महिन्याला 1,600 हून जास्तीची पगारवाढच आहे.

मग भविष्यनिर्वाह निधी. संस्थेत 20 किंवा जास्त माणसं असतील तर तो लागू होतो, आणि शिक्षणसंस्था त्यात येतात. मोजताना फक्त केजीच्या चार बाया मोजायच्या नाहीत. एकाच संस्थेच्या शाखा, कारकून, शिपाई, मावशी सगळे मोजले जातात. 8,000 पगार असेल तर तुमचे 960 आणि संस्थेचे 960, महिना 1,920 बाजूला पडतात. हातात 960 कमी आले म्हणून बाया पीएफ नको म्हणतात, आणि संस्थाही ते हसत मान्य करते. त्यात नुकसान कुणाचं होतं, ते वरच्या दोन आकड्यांत आहे.

ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही लागू आहे. खासगी शाळांनी त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2022 मध्ये फेटाळलं. दहा माणसांची संस्था आणि पाच वर्षं सलग सेवा असेल, तर शेवटच्या पगाराच्या 26 भागांपैकी 15 भाग दरवर्षामागं. 8,000 च्या पगारावर दहा वर्षांचे सुमारे 46,000 होतात. यातला 'सलग' हा शब्द संस्थांना पक्का माहीत असतो, म्हणून जूनला नेमणूक आणि एप्रिलला कार्यमुक्ती असा खेळ चालतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे. तेव्हा प्रत्येक वर्षीचं नेमणूकपत्र आणि बँकेचं पासबुक जपून ठेवा. 'हजर व्हा, पत्र नंतर देतो' म्हटलं तर किमान व्हॉट्सअॅपवर तारीख आणि पगार लिहून घ्या.

या वाटेचा फायदाही आहे. वयाची अट नाही, स्थानिक रहिवास नाही, लगेच काम मिळतं आणि पहिल्या दोन वर्षांत हात बसतो. तिथंच वीस वर्षं काढायची तर पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीचीच आशा असते, आणि ती खुर्ची शाळेत एकच असते. कुणाला वाटत असेल की ही आपल्याकडचीच तऱ्हा, तर तसं नाही. अमेरिकेतही प्री-स्कूलच्या शिक्षिकेला किंडरगार्टनच्या शिक्षिकेपेक्षा बरंच कमी मिळतं, कारण तिथंही किंडरगार्टन सरकारी शाळेत येतं आणि प्री-स्कूल बहुतेक बाजारात.

स्वतःची बालवाडी: कागदावर एक वर्ष

'नोकरी कशाला, घरीच काढते' असं म्हणणाऱ्या बऱ्याच भेटतात. चांगलं आहे, पण आधी एक पान घ्या. मी खाली मानलेले आकडे घालतो, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा 30 मुलं, महिना 600 रुपये, दहा महिने. जमा 1,80,000. खोलीचं भाडं 4,000 प्रमाणे वर्षाचे 48,000. मदतीला मावशी, 4,000 प्रमाणे अकरा महिन्यांचे 44,000. खेळणी, कागद, लाइट, स्नेहसंमेलन मिळून 25,000. खर्च 1,17,000. उरले 63,000, म्हणजे महिन्याला 5,250. अंगणवाडीतल्या मदतनिसापेक्षा कमी! आणि सगळी फी आली असं धरून. आपल्याकडं फी 'उसाचं बिल आलं की देतो' या हिशेबानं येते, आणि कारखान्यानं बिल लांबवलं की तीही लांबते.

मग मुलं वाढवावीत? 45 केली तर एकटीला वर्ग झेपत नाही. दुसरी बाई 5,000 ची घेतली, अकरा महिन्यांचे 55,000, सामानाला आणखी 10,000. जमा 2,70,000, खर्च 1,82,000, उरले 88,000. पंधरा मुलं वाढली आणि तुमच्या हातात महिन्याला दोन हजारांच्या आसपास जास्त आले. गर्दी वाढवून बालवाडी फारशी कमावत नाही.

फरक पडतो तो दोन गोष्टींनी. जागा स्वतःची असेल तर 30 मुलांवरच महिना 9,250 उरतात. आणि दुपारचं पाळणाघर जोडलं, समजा आठ मुलं 1,500 रुपयांनी बारा महिने, तर 1,44,000 येतात. मावशीचे वाढीव 48,000 आणि खाऊचे 24,000 वजा केले तरी 72,000 राहतात. भाड्याच्या जागेत महिना 11,250, स्वतःच्या घरात 15,250. पाळणाघर चालतं ते आई-बाप दोघं कामाला जातात तिथं. शिरवळ आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहती, साताऱ्यातली विस्तारलेली उपनगरं, मिरजेतल्या दवाखान्यांत पाळीवर काम करणाऱ्या परिचारिकांची घरं. 50 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची, असं 2017 पासून कायदा सांगतो. जवळच्या कारखान्याच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला जाऊन भेटा, ही सोय तुम्ही करून देऊ शकता. खानापूर-आटपाडीच्या बाजूला मात्र जपून. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानं कुटुंबं देशभर पांगलेली, वर्षाच्या मध्येच मूल कोईमतूरला निघून जातं.

मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी घ्यावी का? तालुक्याच्या गावात मला ती बहुधा महाग वाटते. सुरुवातीची रक्कम, दरवर्षीचा हिस्सा, पुस्तकं त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती, आणि पालक शेवटी बाई कशी आहे तेच बघतात.

कोर्स कोणता?

'माँटेसरी' हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं. एका वर्षाचे, सहा महिन्यांचे असे खासगी कोर्स गावोगाव आहेत. त्यांतले काही चांगले शिकवतातही, पण त्या प्रमाणपत्रानं सरकारी जागेसाठी पात्र होता येत नाही. फी भरण्याआधी इतकंच विचारा, की याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, की कुठल्या विद्यापीठाची? इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन आणि शिक्षणातली पदविका बारावीनंतर नोकरी सांभाळून होते. आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघटनेची पदविका परदेशातही चालते, पण ती महाग आणि पूर्ण वेळेची. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त बाहेर जाण्याची शक्यता असेल तरच तिचा विचार करा.

कोर्सइतकंच महत्त्व चांगला वर्ग डोळ्यांनी बघण्याला आहे. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचं कमला निंबकर बालभवन आहे. मुलाच्या बोलीतून वाचन-लेखनाकडं कसं जायचं, यावर तिथं 1980 च्या दशकापासून काम झालं आहे. पत्र पाठवा, परवानगी घ्या, दोन दिवस मागच्या बाकावर बसा. मुलाखतीत 'तुम्ही वाचन कसं शिकवाल?' याचं उत्तर तिथून आलेलं वेगळं असतं.

ज्यांना एकेका मुलाबरोबर सावकाश काम करायला आवडतं, त्यांनी विशेष शिक्षणाची पदविकाही बघावी. ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचीच हवी, कारण नोंदणी क्रमांकाशिवाय त्या क्षेत्रात काम करता येत नाही.

वयाप्रमाणे

एकोणीस वर्षांची, बारावी झालेली: डी.एल.एड. आणि टीईटी, आणि गावात अंगणवाडीची जागा निघाली तर ती सोडू नका. डी.एल.एड. चालू असताना निवड झाली, तर दोन्हींतलं काय धरायचं हे बारावीचे टक्के आणि घरची गरज बघून ठरवा. टक्के चांगले असतील तर मी अभ्यास पुरा करायला सांगेन.

एकतीस-बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई: तुमच्याकडं अंगणवाडीच्या पस्तिशीपर्यंत तीन-चारच वर्षं आहेत. कागद आजच तयार करा. पदवी नसेल तर ती सुरू करा, कारण वर सांगितलेली मुख्यसेविकेची वाट पदवीशिवाय बंद आहे. डी.एड. आधी झालं असेल आणि टीईटी राहिली असेल, तर पुढच्या टीईटीचा अर्ज चुकवू नका.

चाळिशीची, दहा वर्षं केजीत घालवलेली: सरकारी दरवाजे बहुतेक बंद. तुमचं भांडवल म्हणजे अनुभव आणि गावातली ओळख. पाळणाघरासह स्वतःची बालवाडी, नाहीतर त्याच संस्थेत पर्यवेक्षकपदाची उघड मागणी. मागणी करताना पीएफ आणि बारा महिन्यांचा पगार आधी मागा, आकडा नंतर. श्रमयोगी मानधन योजना चाळिशीपर्यंतच घेता येते, महिन्याला 200 रुपयांपर्यंत भरून साठीनंतर महिना 3,000 निवृत्तिवेतन. पीएफ नसेल आणि उत्पन्न 15,000 च्या आत असेल तर चाळीस पुरी व्हायच्या आत जवळच्या सेवा केंद्रात जाऊन नोंदणी करा.

अंगणवाडीच्या जाहिराती वर्तमानपत्रात दरवेळी येतीलच असं नाही. त्या बालविकास प्रकल्प कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतात, आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर. तुमच्या बीटच्या, म्हणजे भागाच्या, मुख्यसेविकेला कोणत्या गावात कोण केव्हा निवृत्त होणार, हे सगळ्यांत आधी माहीत असतं. तिला भेटून विचारायला काही लागत नाही.